दुरुस्तीला टाकलेली गाडी

मास्तरांचं निम्मं आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं. ड्रायव्हिंग स्कूलची छोटी पांढरी गाडी, टपावर शिकाऊची पाटी, आत क्लच-ब्रेकच्या दोन जोड्या, आणि त्यातल्या दुसऱ्या जोडीवर कायम मास्तरांचे पाय. गाडी चालवायला शिकवणारा माणूस स्वतः गाडी फारशी चालवतच नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळपासून एकेक जण येऊन स्टिअरिंगला मिठी मारायचा. कुणी घाबरट, कुणी उद्धट, कुणाला उजवं-डावं कळायचं नाही. मास्तर सगळ्यांना एकाच आवाजात सांगत राहायचे, "आरशात बघा. आता क्लच सोडा. हळू. अजून हळू." झोपेतसुद्धा ते 'हळू, हळू' करतात, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची आणि मास्तरही हसायचे.

या माणसाला गाडी हवी होती ती कुठली, हे ऐकून मात्र लोक हसले नसते, घाबरले असते.

तरुणपणी मास्तर एकदा मित्राबरोबर जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर मोटारींच्या शर्यतीची रॅली बघायला गेले होते. सकाळभर थंडीत कुडकुडत उतारावर उभे राहिले. मग झाडांमागून आवाज आला आणि एक गाडी चक्क आडवी होऊन, खडी उधळत, त्यांच्या समोरच्या वळणावरून निघून गेली. दिसायला साधी, चार दारांची, मागे डिकी असलेली, म्हणजे बायको-मुलांना घेऊन बाहेर पडावं अशी. शर्यतीत उतरवायची तर तशीच गाडी गिऱ्हाइकांनाही विकायला हवी असा नियम होता, त्यामुळे कंपनीने थोड्या गाड्या रस्त्यासाठी काढल्या होत्या. चारही चाकांना ताकद, इंजिनाला जास्तीची हवा कोंबणारा टर्बो, बॉनेटवर हवा ओढायचं मोठं भोक. तेव्हापासून मास्तरांच्या मनात ती गाडी घर करून होती. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, घराचे हप्ते सुरू झाले, आणि मास्तर त्या गाडीबद्दल बोलायचे बंद झाले. बोलायचे बंद झाले एवढंच.

मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, हप्ते संपले, आणि एका दुपारी मोबाइलवर जाहिरात दिसली. तीच गाडी. एकाच मालकाच्या हातची. मास्तरांनी ती जाहिरात बायकोला दाखवली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम चढवून बघायची, त्यामुळे कुठलीही गोष्ट जरा लांब धरून, मान कलती करून बघायची तिची सवय.

"किती जोरात जाते?" तिने विचारलं.

"जाते जोरात. मी थोडाच तशी नेणार आहे?"

तिने मोबाइल परत दिला. "घ्यायचीच असेल तर घ्या," म्हणाली. "आधी भाऊजींना दाखवा."

भाऊजी म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याचं शिक्षण, त्याचे उद्योग, त्याची दुखणी, सगळं मास्तरांनीच निभावलं. त्याला गाडी शिकवली तीही त्यांनीच, एका बंद कारखान्याच्या आवारात. इतका चांगला विद्यार्थी त्यांना पुन्हा मिळाला नाही. पुढे धाकट्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. इंजिन सुरू केलं की डोळे मिटून ऐकायचा आणि दुखणं नेमकं सांगायचा. शर्यतींचीही हौस दांडगी. दोनदा उसन्या गाडीने डोंगरातल्या शर्यतीत उतरला होता आणि दोन्ही वेळा गाडीनेच दगा दिला म्हणून रडकुंडीला येऊन परतला होता. मास्तरांचा त्याच्यावर फार जीव. गिऱ्हाईक असो की शेजारी, 'आमच्या धाकट्याच्या हाताला जादू आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघेल याचा नेम नसे.

गाडीचे मालक दाताचे डॉक्टर होते. त्यांच्या घराला लागून असलेलं गॅरेज दवाखान्यासारखंच लख्ख. फरशीवर सतरंजी, भिंतीला आकाराप्रमाणे लावलेली हत्यारं, आणि मधोमध आच्छादनाखाली गाडी. डॉक्टरांच्या मानेचं ऑपरेशन झालं होतं. मान वळवताना ते अख्खे वळत.

"मला आता चालवायला मनाई आहे," ते म्हणाले. "मान झटक्यात वळली तर हात लुळे पडतील म्हणतात. नाहीतर विकली नसती."

त्यांनी आच्छादन एका बाजूने हळूहळू काढलं. गर्द हिरवा रंग. मागे डिकीवर विमानासारखा आडवा पंख. पुढचे दिवे जरा बारीक, डोळे किलकिले करून बघितल्यासारखे. धाकटा एरवी गाडी दिसली की आधी तिच्यात खोट काढायचा. आज मात्र वाकून त्याने दाराखालच्या पत्र्यावरून तळहात फिरवत नेला, मग अंगातला शर्ट मळेल याचा विचार न करता सरळ गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

तोवर डॉक्टर मास्तरांना गाडीची माहिती देत होते. टायर नुकतेच बदललेत, तेल वेळच्या वेळी, पावसापाण्यात कधी नेली नाही. मग एकदम म्हणाले, "तुम्ही चालवणार आहात ना? की नुसती उभी ठेवायची?"

"चालवणार," मास्तर म्हणाले.

"मग ठीक. उभ्या उभ्या सडतात या गाड्या."

मास्तर चालवायला बसले, शेजारी डॉक्टर, मागे धाकटा. वस्तीतून निघेपर्यंत मास्तरांनी गाडी शिकवल्यासारखी चालवली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये त्यांनी पाय थोडा दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग टर्बोने हवा धरली आणि पाठीवर कुणीतरी तळहात ठेवून ढकलावं तशी गाडी पुढे गेली. मास्तरांचे ओठ आपोआप फाकले. त्यांनी लगेच वेग कमी केला. चूक केल्यासारखं त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, तर डॉक्टर समोर बघून हसत होते.

परतताना धाकटा म्हणाला, "दादा, जरा मला दे. आवाज ऐकतो."

धाकट्याने आवाज ऐकला तो असा, की पुलाखालच्या वळणावर डॉक्टरांनी दाराची मूठ घट्ट पकडली. गाडी मात्र रुळावरून जावी तशी गेली. उतरल्यावर डॉक्टर मास्तरांना म्हणाले, "तुमच्या भावाला चालवता येते." मास्तरांची छाती फुगली.

सौदा तिथेच झाला. घासाघीस कुणी फार केली नाही. कागदपत्रांवर सह्या झाल्या आणि डॉक्टरांनी चावी मास्तरांच्या हातात ठेवली. धाकट्याने त्यांना बाजूला घेतलं.

"दादा, माल खरा आहे. पण लगेच चालवू नकोस. या गाड्या वरून कितीही चकचकीत असल्या तरी आतलं सांगता येत नाही. आठवडाभर माझ्याकडे दे. पूर्ण उघडतो, बघतो, मग बिनघोर चालव."

मास्तरांनी स्वतःच्या हाताने चावी त्याला दिली आणि बसने घरी आले. बसमध्येही ते मनातल्या मनात गिअर बदलत होते.

आठवड्याने धाकटा म्हणाला, टर्बोचं सील गेलंय, तेल सुटतंय. बरं झालं उघडली, नाहीतर रस्त्यात इंजिन बसलं असतं. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वर त्याचे आभारही मानले. सील परदेशातून यायचं होतं. ते आलं, तर मधल्या डिफरन्शियलमध्ये आवाज निघाला. चारही चाकांना ताकद वाटून देणारा तो भाग, त्यात कसर चालत नाही. मग क्लच. मग एक सेन्सर, जो सापडतच नव्हता. ज्या ज्या वेळी पैसे लागले त्या त्या वेळी मास्तरांनी दिले. अधूनमधून ते गॅरेजमध्ये जायचे, तेव्हा गाडी लिफ्टवर चढवलेली, चाकं काढलेली, बॉनेट उघडं. खाली उभं राहून ते तिच्या पोटाकडे बघत राहायचे. नातेवाइकाला अतिदक्षता विभागात भेटून यावं तसे घरी परतायचे.

"काय म्हणाले भाऊजी?" बायको विचारायची.

मास्तर सगळं सांगायचे. टर्बो म्हणजे काय, सील कुठे असतं, ते जेवणाच्या टेबलावर चमचा आणि वाटी घेऊन समजावायचे. बायको ऐकून घ्यायची. "येईल हो पार्ट," म्हणायची. "लांबून यायचं म्हणजे वेळ लागणारच."

एकदा त्यांना पुढच्या जाळीत सुकलेलं गवत अडकलेलं दिसलं.

"टेस्टला नेली होती," धाकटा म्हणाला. "कच्च्या रस्त्यावर नेल्याशिवाय खालचा आवाज कळत नाही."

आणखी एकदा भिंतीला टेकवून ठेवलेली तिची चाकं दिसली. टायरच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. डॉक्टर तर म्हणाले होते, टायर नवे आहेत. मास्तरांनी तसं म्हटल्यावर धाकटा हसला. "दादा, नवे कुठले? तू नीट बघितलेच नाहीस. तुझं सगळं लक्ष त्या पंखाकडे होतं." मास्तरांना वाटलं, असेल. दिवसातून पंचवीस वेळा दुसऱ्यांना 'नीट बघा' म्हणणारा आपण, आणि आपलंच लक्ष नव्हतं. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट स्वतःची फजिती म्हणून बायकोला सांगितली. बायको हसली नाही. उठून भांडी आवरायला गेली.

मास्तरांच्या विद्यार्थ्यांत तेव्हा एक फुलवाली होती. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, बडबडी. मुलगा दुकानाची गाडी वेळेवर आणत नाही म्हणून स्वतः शिकायला आलेली. स्टिअरिंग हातात असलं की तिची जीभ सुटायची, आणि ती बोलत असली की गाडी चांगली चालवायची, म्हणून मास्तर तिला बोलू द्यायचे. एके दिवशी सिग्नलला उभे असताना ती म्हणाली, "सर, तुमची स्वतःची गाडी कुठली?"

मास्तरांना कुणीतरी विचारायलाच हवं होतं. त्यांनी मोबाइल काढून डॉक्टरांच्या दारात काढलेला फोटो दाखवला.

"अगंबाई, ही तुमची?" फुलवालीने मान पुढे केली. "मग सांगायचं नाही का? अभिनंदन तरी केलं असतं."

"कशाबद्दल?"

"पहिली आली ना. मागच्या रविवारी, त्या डोंगरावरच्या शर्यतीत. बक्षिसाचे गुच्छ मीच पाठवले होते. स्वतः गेले होते द्यायला."

"हिरव्या गाड्या पुष्कळ असतात," मास्तर म्हणाले.

"थांबा, माझ्याकडे फोटो आहे. माझा गुच्छ दिसावा म्हणून काढलेला."

सिग्नल सुटला होता. मागच्याने भोंगा वाजवला. मास्तर म्हणाले, "आधी पुढे घ्या. पहिला गिअर. पुढे डावीकडे थांबवा."

तिने गाडी व्यवस्थित कडेला घेतली. फोटोत फुलांचा गुच्छ होता, आणि तो छातीशी धरून धाकटा उभा होता, गालावर तेलाचा डाग, चेहरा असा उजळलेला की मास्तरांनी तो तसा त्याच्या लहानपणानंतर बघितलाच नव्हता. मागे गाडी. दारावर शर्यतीचा मोठा आकडा आणि त्याखाली मालक-चालक म्हणून एकच नाव, धाकट्याचं. नंबरप्लेट स्वच्छ वाचता येत होती.

"हे तुमचे कोण?"

"भाऊ."

"तरीच," फुलवाली म्हणाली. "चेहरेपट्टी सारखी आहे."

मास्तरांनी मोबाइल तिला परत दिला. तास संपायला अजून वेळ होता. त्यांनी तिला दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी लावायला शिकवली. तिला जमेना. त्यांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा, आणि आवाज एकदाही चढवला नाही. मागच्या रविवारी सकाळी त्यांनी धाकट्याला फोन केला होता. त्याने उचलला नव्हता. संध्याकाळी उलट फोन करून म्हणाला होता, दादा, दिवसभर तुझ्याच गाडीखाली होतो. मास्तर त्याला म्हणाले होते, अरे, रविवारी तरी आराम कर.

संध्याकाळी बायको दुकानातून आली तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. दिवा लावलेला नव्हता. तिने दिवा लावला, पिशवी ठेवली.

"गाडी शर्यतीत पळवतोय तो," मास्तर म्हणाले. "माझी गाडी. पहिला आला म्हणे."

बायको पाण्याचा पेला भरत होती. तिचा हात थांबला. मग तिने नळ बंद केला आणि विचारलं, "शर्यतीत?"

तो एक शब्द मास्तरांच्या कानाला खटकला. इतकी वर्षं बरोबर काढल्यावर माणसाचं चुकलेलं पाऊल लगेच कळतं. गाडी पळण्याजोगी आहे, याचं तिला नवल वाटलं नव्हतं. कुठे पळते, याचं वाटलं होतं.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

ती समोरच्या खुर्चीवर बसली. पेला दोन्ही हातांत धरून बसली.

"शर्यतीचं नव्हतं माहीत. शपथेवर सांगते."

"मग काय माहीत होतं?"

"गेल्या वर्षी तुम्हाला चक्कर आली होती. याच टेबलाला धरून उभे होतात. तपासणीत काही निघालं नसलं तरी तुमचा चेहरा मी बघितला होता. त्यात या गाडीची जाहिरात घेऊन आलात. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही घेतली नसती, आणि आयुष्यभर तोंडाने एक शब्द न काढता मनाला लावून घेतलं असतं. मी भाऊजींना म्हटलं, थोडे दिवस लांबवा. महिना, दोन महिने. तुमची हौस जरा ओसरेल. मग विकून टाकू."

"म्हणजे सील गेलंच नव्हतं."

"नाही."

"डिफरन्शियल?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"आणि मी रोज तुला चमचा-वाटी घेऊन समजावत होतो."

"मला कळत होतं ते."

"काय कळत होतं?"

"की मी वाईट वागते आहे."

मास्तर उठले. भांडण त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि आता ते कुठून सुरू करायचं हेही कळत नव्हतं. धाकट्याने खोटं सांगितलं ते फोनवर, गॅरेजात, तोंडापुरतं. हिने समोर बसून, पानात वाढता वाढता, त्यांच्या काळजीला काळजीने उत्तरं दिली होती. ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने ती दाराशी आली.

"जेवता ना?"

"तू जेव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे तास रद्द केले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गॅरेजचं शटर उघडं होतं आणि धाकटा आत गाडी धूत होता. चारही चाकं जागेवर. दारांवरचे आकडे काढल्याच्या खुणा उन्हात चमकत होत्या. मास्तरांना बघून त्याने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग लिफ्टकडे. मग पाण्याची नळी खाली टाकली.

"वहिनीचा फोन आला होता," तो म्हणाला.

"मग बरं झालं. मला सगळं पहिल्यापासून बोलावं लागणार नाही."

"दादा, तिनेच सांगितलं होतं मला. मी आपणहून नाही केलं काही."

"तिने उभी ठेवायला सांगितली होती."

धाकटा ओल्या हातांनी केस मागे सारत राहिला. मग म्हणाला, "उभी ठेवून काय करायचं होतं? तूच ऐकलंस ना डॉक्टरांचं, उभ्या उभ्या सडतात. एकदा नेली, नुसती आवाज ऐकायला म्हणून. दादा, तुला कसं सांगू? वळणाच्या आधी नुसता विचार करायचा, ती वळते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मी जिंकत नव्हतो ते माझ्यामुळे नव्हतं."

"ते मला सांगता आलं नसतं?"

"तू दिली असतीस?"

मास्तरांनी खरोखर विचार केला. "दिली असती," ते म्हणाले. "पहिल्यांदा मी चालवली असती. मग दिली असती. शेजारी बसलो असतो."

धाकट्याने मान खाली घातली. मास्तरांना वाटलं, आता हा रडेल, आणि हा रडला तर आपलं काही चालणार नाही. पण धाकटा रडला नाही. मान वर न करताच म्हणाला, "येत्या रविवारी शेवटची फेरी आहे. ती झाली की वर्षाचा निकाल. मी पहिला आहे, दादा. तेवढी एक होऊ दे. मग चावी तुझी, पुन्हा तोंड वर करून मागणार नाही."

काल संध्याकाळपासून मास्तरांना जे जे ऐकावं लागलं होतं, त्यात हे सगळ्यात लागलं. खोटं उघडं पडल्यावरही त्याच्या डोळ्यांपुढे रविवारच होता. त्यांनी गाडीच्या आत डोकावलं. चालकाची सीट काढून तिथे शर्यतीची कडक सीट बसवलेली होती, खांद्यांना आवळणारी, धाकट्याच्या बेताची. मास्तर उंच. त्यांना तिच्यात शिरतासुद्धा आलं नसतं.

"माझी सीट कुठाय?"

धाकट्याने कोपऱ्याकडे बोट केलं. रिकाम्या डब्यांमागे, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली, त्यावर जुने पाने ठेवलेले.

"बसव," मास्तर म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता. मी थांबतो."

ते स्टुलावर बसले. धाकट्याने कडक सीट सोडवली, बाहेर काढली, मूळची सीट आणून जागेवर ठेवली आणि बोल्ट आवळायला लागला. मास्तर त्याच्या हातांकडे बघत होते. नेहमीसारखंच नेटकं काम, एकही हालचाल वाया नाही. लहानपणी सायकलची चेन बसवताना तो ओठ दातांत धरायचा, तसाच आत्ताही धरला होता. एखाद्या परक्याने हे केलं असतं तर मास्तरांनी पोलिसांत तक्रार दिली असती, चार लोकांना सांगितलं असतं, मोकळे झाले असते. इथे सांगायला जायचं तर ते धाकट्याकडेच गेले असते.

काम झालं. धाकट्याने हात पुसले आणि चावी पुढे धरली. "क्लच जरा कडक केलाय," तो म्हणाला. "सवय होईपर्यंत जपून."

मास्तरांनी चावी घेतली. "गाडीसाठी माझ्याकडून जे पैसे घेतलेस, ते काय केलेस हे मी विचारणार नाही," ते म्हणाले. "आणि यापुढे गाडीला तुझा हात लागणार नाही."

"आणि घरी?"

"घरी ये की. वहिनी आहे तुझी."

गॅरेजमधून निघताना क्लच खरंच कडक होता आणि भर रस्त्यात, पहिल्याच सिग्नलला, गाडी बंद पडली. अख्ख्या शहराला क्लच सोडायला शिकवणारा माणूस मागच्यांचे भोंगे ऐकत चावी फिरवत होता. एरवी हा किस्सा त्यांनी रंगवून सांगितला असता. त्यांनी गाडी सुरू केली आणि शहराबाहेर काढली, टेकड्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला. रस्ता रिकामा झाल्यावर त्यांनी पाय दाबला, आणि या वेळी लगेच काढून घेतला नाही. गाडी उसळली. पहिलं वळण आलं, त्यांनी वेळेवर ब्रेक दाबला, गिअर उतरवला, आणि चारही चाकांनी रस्ता धरून ठेवलेला त्यांना मांड्यांत, पाठीत, तळहातांत जाणवला. धाकटा खोटं बोलला नव्हता. वळणाच्या आधी विचार करायचा, ती वळत होती. पुढची चार-पाच वळणं मास्तर सगळं विसरले. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, आणि ते 'हळू' नव्हतं.

वर मोकळ्या जागेत त्यांनी गाडी थांबवली. इंजिन थंड होताना टिकटिक वाजत होतं. मास्तरांनी सवयीने खिशातून मोबाइल काढला, आणि हातात धरून बसले. इतका आनंद झाला की तो ज्यांना कळवायचा, अशी त्यांच्या आयुष्यात दोनच माणसं होती. त्यांनी मोबाइल शेजारच्या सीटवर ठेवून दिला. मग तिथे, दुपारच्या उन्हात, खिडक्या बंद करून, मास्तर रडले.

धाकट्याला त्या रविवारी कुणीतरी दुसरी गाडी दिली म्हणे. तो तिसरा आला. मधे एकदा तो घरी येऊन गेला, खुर्चीच्या कडेवर बसला, चहा घेतला, मुलीची चौकशी केली. मास्तर त्याच्याशी नीट बोलले. शेजाऱ्यांशी बोलतात तसं. निघताना त्याने पैशांचं पाकीट टेबलावर ठेवलं, ते मास्तरांनी उघडून बघितलं नाही आणि परतही केलं नाही. हिरव्या गाडीचं तेल बदलायला ते आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात. तिथला मेकॅनिक दर वेळी विचारतो, इंजिन इतकं सुरेख कुणी जुळवलं, हात कुणाचा? मास्तर म्हणतात, घेतली तेव्हा अशीच होती.

बायकोशी बोलणं बंद झालं नाही, पण जेवताना टेबलावर चमचा-वाटी फक्त जेवायलाच राहिली. दर रविवारी सकाळी मास्तर एकटे गाडी काढत आणि ती बाल्कनीतून बघत असे. असे बरेच रविवार गेले. मग एका सकाळी ते चावी घेऊन खाली उतरले, तर ती आधीच गाडीजवळ उभी होती, चपला घालून, पर्स घेऊन. त्यांनी दार उघडलं. ती बसली आणि न सांगता पट्टा लावला.

टेकडीच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी वेग वाढवला. मुद्दाम वाढवला, हे दोघांनाही कळलं. तिने एका हाताने दाराची मूठ धरली, दुसरा मांडीवर आवळून ठेवला, आणि एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या वळणाला मास्तरांनीच विचारलं, "भीती वाटते?"

"हो."

"मग म्हण ना तसं. मला म्हण."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "भीती वाटते आहे," ती म्हणाली. "हळू घ्या."

मास्तरांनी पाय उचलला. गाडीचा आवाज खाली आला, झाडं वेगवेगळी दिसायला लागली. पुढचा सगळा रस्ता ते त्याच वेगाने गेले. ती अधूनमधून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, लांबून, मान कलती करून. मास्तरांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.